भेंडीच्या रंगाचा फेटा

आमच्या घरात पुरुष दोनच, पण त्यांच्या कपड्यांचे किस्से इतके, की बाजारात कोणी अडवून "मास्तरांच्या कोटाचं सांगा ना" म्हटलं, तर मला आधी विचारावं लागतं, कोणत्या कोटाचं? मी ते जमवले नाहीत. खुंटीवर एकावर एक अंगरखे चढत जावेत, तसे ते चढत गेले.

सगळ्यात खालचा इतका लहान आहे, की त्याला किस्सा म्हणावं की नाही कोण जाणे. लग्नानंतरचा पहिला पाडवा. मी अमरावतीच्या कॉलेजातून थेट वाशीमला सासरी आलेली. पाटाभोवती रांगोळी काढून, तबक हातात धरून उभी होते. आमचे हे शाळेत मास्तर. सारं गाव मास्तर म्हणतं, म्हणून मनातल्या मनात मीही तेच म्हणते. नवं धोतर, नवा कोट, डोक्याला फेटा असे मास्तर पाटावर येऊन बसले. मी तबक घेऊन वाकले, आणि त्यांनी माझ्या खांद्यावरून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

"अक्का, बरं दिसून राह्यलं काय?"

मी एवढी दचकले, की सुपारी तबकातून उडून त्यांच्या मांडीवर पडली.

दारामागून उत्तर आलं, "फेटा जरा डाव्या अंगाले घे."

त्यांनी घेतला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हं, ओवाळ."

* * *

अक्का माझ्या मोठ्या नणंद. फार लहान वयात त्यांचा नवरा गेला, त्या माहेरी परत आल्या. पुढे आईवडीलही गेले. मास्तरांना आणि धाकट्या मधूला त्यांनीच वाढवलं. गावाबाहेरचा भाजीचा मळाही त्याच पाहतात. हे सगळं मला लग्नाआधी सांगितलं होतं. सणासुदीला भावांनी काय घालायचं तेही त्याच ठरवतात, हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

बरं, ठरवतात तरी कसं? रंग मळ्यातून उचलतात. इस्माईलभाईंच्या कापडाच्या दुकानात बसून सांगतात, "वांग्याचा दाखवा. जून नको, कोवळ्या वांग्याचा." एका दसऱ्याला मास्तर त्या वांगी कोटात, डोक्याला भेंडीच्या रंगाचा फेटा बांधून सोनं वाटायला निघाले. हेडमास्तरांनी आपट्याची पानं घेतली आणि मास्तरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मास्तर, आज मंडीच अंगावर घेऊन आले काय?"

वाटेत सगळे हसले. मास्तरही हसले. मला मात्र रडू येत होतं. घरी आल्यावर विचारलं, "तुम्हाला आवडतो का हो तो फेटा?"

"अक्कानं आणला ना तो," ते म्हणाले.

मी काय विचारलं होतं, आणि उत्तर काय आलं!

* * *

मग मी ठरवलं, आपणच आणायचं. इस्माईलभाईंकडे एकटीच गेले आणि नागपुरी धोतरजोडी निवडली. बारीक लाल काठ, सूत असं की हातातून निसटावं. कॉलेजात आमच्या प्रोफेसरांच्या अंगावर मी असलं धोतर पाहिलं होतं. इस्माईलभाई खूश झाले. म्हणाले, "मास्तरीणबाई, टेस्ट याला म्हनतात." घडी घातली, कागदात गुंडाळली, वर सुतळी आवळली. आणि पुडकं माझ्या हातात न देता मांडीखाली ठेवून बसले.

"द्या ना," मी म्हटलं.

"अक्कानं पाह्यलं काय?"

"अक्कांचा काय संबंध? धोतर माझ्या नवऱ्याचं आहे."

"ते तं आहेच, बहेन," ते अगदी समजूत घालायच्या सुरात म्हणाले, "पन मास्तरचं कापड वापस यायला लागलं तं आमची इज्जत जाते."

धोतर मी घेऊन आले. मास्तरांनी नेसलंही, घरात, आंघोळीनंतर.

* * *

पुढे त्याच इस्माईलभाईंच्या थोरल्या मुलाचं लग्न निघालं. निमंत्रण आमच्या सगळ्या घराला. मास्तरांना शेरवानी हवी होती, आणि अक्का तेव्हा मळ्यात कांद्याच्या काढणीत गुंतलेल्या. माझं नशीबच म्हणायचं. मी दुधाळ रंगाचं कापड घेतलं आणि करीमचाचांकडे शिवायला टाकलं. मापं देताना त्यांच्या मशिनच्या खडखडाटानं दोनदा दचकले, पण जागची हलले नाही.

लग्नात मास्तरांकडे जो तो वळून पाहत होता. खुद्द इस्माईलभाई म्हणाले, "वा मास्तर, आज तं नवाब दिसून राह्यले." बायकांच्या बाजूला कोणीतरी विचारलं, कुणाची निवड? मी खाली बघून पदर सारखा केला. मला वाटतं सासरी आल्यापासून तो माझा पहिला सुखाचा दिवस.

घरी आलो. अक्का ओसरीत लसूण सोलत बसल्या होत्या. मास्तर कंदिलाजवळ जाऊन उभे राहिले, एकदा गोल फिरले. अक्कांनी बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "चांगली हाये. कापड लय चांगलं हाये."

मी श्वास सोडणार, एवढ्यात त्या पुढं म्हणाल्या, "पन अंदर कोणी नसल्यासारखं वाटते."

दुसऱ्या दिवशी शेरवानी कडुनिंबाचा पाला घालून पेटीत गेली.

* * *

एकदा हार मानून पाहिली. म्हटलं, भडक तर भडक. पिकल्या मिरचीसारखा लालभडक फेटा आणला आणि अक्कांसमोरच मास्तरांना बांधायला दिला. अक्कांनी कपाळाला हात लावला.

"काहून वं, एवढा भडक? मास्तर हाये तो, बँडवाला नाई."

त्याच आठवड्यात त्यांनी मास्तरांना हळदीच्या रंगाचा सदरा आणला. मास्तरांनी तो शाळेच्या बक्षीससमारंभाला घातला, आणि मी पोट दुखतंय सांगून घरी बसले. खोटं नव्हतंच ते. पोटात काहीतरी जळतच होतं.

* * *

फेटा धुतला की दोघींना वाळवावा लागतो. एक टोक मी धरायचं, दुसरं त्यांनी. एका दुपारी तो भेंडीवाला फेटा आम्ही अंगणात असाच धरून उभ्या होतो. वाऱ्याचा झोत आला आणि फेट्याचा पट्टा उडून अक्कांच्या डोक्याखांद्यावर, त्यांच्या पांढऱ्या लुगड्यावर, पसरला. त्यांनी तो काढला नाही. टोकही सोडलं नाही. तशाच उभ्या राहिल्या.

मला वाटलं, बघा, भावाचा फेटासुद्धा माझ्या हाती देववत नाही यांना. मी जरा ओढला. त्या एकदम माझ्याकडे वळल्या, मी दचकले, आणि माझं टोक चिखलात पडलं.

"धू आता पुन्हा," अक्का म्हणाल्या, आणि घरात निघून गेल्या.

* * *

आणि आता मधूचं लग्न. मुलगी रिठदची. घरात वडीलधारा पुरुष नाही, म्हणजे मांडवात व्याह्यांची गळाभेट मास्तरांनीच घ्यायची. व्याह्यांकडचे डोळे आधी त्यांच्या डोक्याकडेच जाणार. घरची सगळी शोभा त्या एका फेट्यावर. मी आठवडाभर झोपले नाही. मनात नुसती भेंडी नाचत होती.

आदल्या संध्याकाळी अक्काच म्हणाल्या, "सुशीला, या बारीनं मास्तरचं तूच पाह्य."

मला खरं वाटेना. रात्रीतून विचार बदलतील म्हणून मी बदामी फेटा उशाशी घेऊन झोपले. सकाळी मास्तरांना पेटीतली ती दुधाळ शेरवानी घालायला लावली आणि फेटा बांधणाऱ्याजवळ स्वतः उभी राहून एकेक पीळ पाहिला. ते बाहेर आले, तेव्हा ओसरीतल्या बायका बोलता बोलता थांबल्या. इस्माईलभाई वऱ्हाडासोबत जायला आले होते. ते नुसते मान हलवत राहिले. मी मनात म्हटलं, जिंकले.

बाहेर वाजंत्री सुरू झाली. मधू बाशिंग बांधून बैलांच्या दमणीत बसला. बायकांनी मोटार भरली. सगळे मास्तरांसाठी थांबलेले, आणि मास्तर उंबरठ्यावर उभे.

"चला ना," मी म्हटलं.

"चष्मा राह्यला."

चष्मा नाकावर होता. मी तसं सांगितलं.

"पान खाऊन घेतो."

पान दिलं. पान खाल्लं. तरी उभेच. मग मला दिसलं, ते माझ्या खांद्यावरून पाहत होते. मागे कोठीचं दार बंद होतं. पहाटेपासून बंद होतं. शुभकार्याला निघताना समोर नको, म्हणून अक्का आपण होऊनच आत जाऊन बसल्या होत्या. कोणी सांगितलं नव्हतं त्यांना. सांगावं लागत नाही.

मास्तरांनी विचारलं नाही. पाडव्याला विचारलं होतं तसं एकदाही विचारलं नाही. बदामी फेट्याखाली त्यांचा चेहरा मात्र असा झाला होता, की मला अक्कांचं ते शेरवानीवरचं बोलणं आठवलं, आणि माझा असा जळफळाट झाला म्हणून सांगू. बंद दाराआडूनही याच?

मी वळले आणि हाक मारली. "अक्का, बाहेर या."

मोटारीतल्या बायकांनी माना बाहेर काढल्या. शेजारच्या काकू खाली उतरून आल्या, माझा दंड धरला. "अवो, निघाच्या टायमाले कायले बोलावता त्याईले?"

मी दचकले. नेहमीसारखीच दचकले, हातातली अक्षतांची वाटी आपटली, तांदूळ उंबरठाभर झाले. पण तोंड मिटलं नाही.

"अक्का, यांचा फेटा पाहा. अक्का!"

आत काही हललं नाही. वाजंत्रीवाले थांबून आमच्याकडे पाहू लागले. मास्तर खाली, तांदळांकडे पाहत होते.

"अक्का, मला नाही जमत," मी म्हटलं. "तुम्ही या."

कोठीची कडी वाजली. दार बोटभर उघडलं, आणि आतून अक्कांचा आवाज आला, दम लागल्यासारखा, घाईघाईचा, जणू त्या सकाळपासून फेटा मांडीवर घेऊनच बसल्या होत्या.

"येतो, येतो. भेंडीवाला आनू काय?"