बारक्याचा काळा चौकोन

चष्म्याच्या दुकानात पुढे आरसे, दिवे आणि गोड बोलणं असतं. मागच्या खोलीत काच घासायच्या यंत्राची घरघर असते आणि त्या यंत्रापाशी बारक्या. उंची सहा फूट, वय बेचाळीस, कानशिलांवरचे केस पिकलेले, तरी नाव बारक्याच. घरात धाकटं असल्याचं हे बक्षीस माणसाला जन्मभर पुरतं. काम मात्र नाव घ्यावं असं. भिंग फ्रेममध्ये केसभर तिरकं बसलं तरी हा ते काढून पुन्हा बसवणार, मग गिऱ्हाइकाला फरक कळो न कळो. "त्यांना नाही दिसत, पण मला दिसतं ना," असं तो म्हणायचा. चष्म्याच्या दुकानात हे वाक्य जरा हळू म्हणावं, असं नंबर तपासणाऱ्या बाई त्याला बजावायच्या.

असा हा सरळ माणूस एका जिवाला मात्र पाण्यात पाहत होता. ते म्हणजे दाजी, त्याच्या थोरल्या बहिणीचे नवरे.

दाजींचा अपराध काय? आई-वडील गेल्यावर ताई आणि बारक्या चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत वर्षानुवर्षं एकत्र राहिले. ताई औषधांच्या दुकानात कामाला, बारक्या चष्म्यांच्या. लग्नाचं दोघांनीही कधी मनावर घेतलं नाही. मग तीन वर्षांपूर्वी एका सकाळी इमारतीची लिफ्ट ताईला आत घेऊन अडकली. दुरुस्तीला आलेल्या मेकॅनिकने ती घाबरू नये म्हणून दाराच्या फटीतून दोन तास तिच्याशी गप्पा मारल्या. चार महिन्यांत लग्न! पंचेचाळिसाव्या वर्षी ताई नवरी झाली आणि बसने तीन थांबे पलीकडे राहायला गेली.

"एका लिफ्टला दोन तास लागतातच कसे?" हा प्रश्न बारक्याने तेव्हापासून शंभरदा तरी विचारला असेल.

"तुम्ही भाऊ नाही हो, सासू आहात," नंबर तपासणाऱ्या बाई म्हणायच्या. बारक्या यंत्र सुरू करायचा, म्हणजे पुढचं ऐकू यायला नको.

दाजी वाईट असते तर सोपं गेलं असतं. पण हा माणूस दर रविवारी दुपारी दार उघडून "या, बारकेराव!" म्हणायचा, पंख्याखालची खुर्ची द्यायचा, चहा स्वतः करायचा. बारक्याचा तिळपापड व्हायचा तो याच गोष्टीने. भांडायला जागाच ठेवत नव्हता माणूस.

त्या हिवाळ्यात दाजींनी 'तळघर' या खेळाचा नववा भाग आणला. टीव्हीला जोडून खेळायचा हा खेळ. एक छोटा माणूस जमिनीखालच्या अंधाऱ्या वाटांमधून बाहेर पडायची वाट शोधतो, एवढीच त्याची गोष्ट. नवव्या भागात झाडाचं पान न् पान दिसत होतं. दाजींनी तो संपवला आणि सहज विचारलं, "याचे जुने भाग नव्या मशीनवर मिळतात म्हणे. आज खेळण्यासारखे आहेत का ते?"

ताईचे डोळे असे चमकले की बारक्याने चहाचा कप खाली ठेवला. "आहेत का म्हणजे काय? आमची वही आहे अजून!"

वही सांगायलाच हवी. 'तळघर'च्या पहिल्या तीन भागांत नकाशा नव्हता. खेळणाऱ्याने स्वतःच तो आलेखाच्या कागदावर काढायचा, एक पाऊल म्हणजे एक चौकोन. एकतीस वर्षांपूर्वी सतरा वर्षांची ताई बटणं दाबायची आणि अकरा वर्षांचा बारक्या शेजारी पोटावर पडून नकाशा काढायचा. रिकामा चौकोन म्हणजे रस्ता. आणि चारी बाजूंनी तपासून पाहिलेली, हलत नाही, सरकत नाही अशी भिंत म्हणजे शाईने पूर्ण भरलेला काळा चौकोन. बारक्याने काळा केला की ताई तिकडे पुन्हा फिरकायची नाही. एवढा त्या पोराच्या हातावर तिचा भरवसा होता.

आता त्या वहीत दाजींचं नाक खुपसलेलं. पहिला भाग दोन रविवारांत झाला, दुसरा तीन. सोफ्यावर ताईच्या शेजारी दाजी, मांडीवर वही, आणि बारक्या आपला पंख्याखालच्या मानाच्या खुर्चीत. "काय रेघा आहेत, बारकेराव! अकरा वर्षांचं पोर असं काढतं?" दाजी मनापासून म्हणाले. बारक्याला ते कौतुक सुईसारखं टोचलं. ती जागा त्याची होती, ती वही त्याची होती, आणि ताई जे खदखदून हसत होती ते हसूही त्याचंच होतं. खरं सांगायचं तर तो जळत होता. याला दुसरा गुळगुळीत शब्द शोधण्यात अर्थ नाही.

दाजींनी तिसऱ्या भागाचं नाव काढलं, तेव्हा मात्र बारक्याचं धाबं दणाणलं.

"तो नको," तो घाईने म्हणाला. "दाजी, जुना चष्मा सापडला म्हणून कुणी घालत नाही. डोकं दुखतं. तेव्हा तो नंबर बरोबर होता, आता डोळे बदललेत. पहिले दोन पाहिलेत, हौस झाली. तिसरा कंटाळवाणा आहे."

"आणि बिघडलेलाही," ताई म्हणाली. "सातव्या मजल्यावरून बाहेर पडायला दारच ठेवलं नाही मेल्यांनी. विसरले. मी दोन महिने डोकं आपटलंय तिथे."

"मग तर बघायलाच हवा," दाजी म्हणाले. "दार नसलेला मजला कुणी बांधत नाही. माझा धंदाच आहे तो."

आता ऐका. दार होतं. ते बारक्याला एकतीस वर्षं माहीत होतं.

त्या वर्षी ताईच्या कॉलेजातली एक कुरळ्या केसांची मैत्रीण घरी यायला लागली होती. बारक्या शाळेतून यायचा तर ती याच्या जागेवर बसलेली, याच्या वहीतून वाट बघत दोघी पुढे गेलेल्या, आणि ताई तिच्याकडे वळून हसतेय. "थांब रे बारक्या, आम्ही जरा खेळतोय." आम्ही! एका दुपारी बारक्या तापाने घरी होता, बाकी सगळे बाहेर. त्याने एकट्यानेच मशीन लावलं आणि सातव्या मजल्याच्या एका कोपऱ्यात त्याला ते दार सापडलं. भिंतीला पाठ लावून उलटं चालायचं, की भिंत सरकते. तो पुढे गेला, शेवटापर्यंत गेला, खेळ संपवला. दोन दिवसांनी त्याने वही उघडली आणि तो चौकोन शाईने भरून टाकला. अगदी कडेपर्यंत, नीट.

त्याचा बेत साधा होता. कुरळी कंटाळून जाईल, मग ताई त्याच्याकडे वळेल, आणि मग तो म्हणेल, "बघ, मला काय सापडलं!" पण कुरळी गेली तरी ताईने त्याला काही हाक मारली नाही, आणि मग खेळही गेला. ताईने मशीन खोक्यात भरून माळ्यावर टाकलं. पुन्हा ती त्याच्याबरोबर कधी खेळली नाही. कुरळीनेच ताईला तोडलं, असं मानून बारक्याने त्या बिचारीवर एकतीस वर्षं दात धरला होता.

आता त्याने जमेल ते सगळं केलं. "वहीची शिवण सुटलीय, मी बांधून आणतो," म्हणून ती मागून पाहिली. ताईने दिली नाही. एका रविवारी डोकं दुखतंय म्हणून गेला नाही. मग तिकडे आपल्याशिवाय काय चाललं असेल या विचाराने खरंच डोकं दुखलं. पुढच्या रविवारी गेला, तर दोघं सातव्या मजल्यावर पोचलेली.

दाजींनी आपल्या धंद्याच्या सवयीने एकेक भिंत तपासायला घेतली. ही झाली, ती झाली. मग त्यांचं बोट वहीतल्या कोपऱ्यावर आलं. "हा एक राहिला. इथे जाऊ या का?"

"तिथे नको," ताई म्हणाली. "काळा आहे तो."

"काळा आहे, पण बाकीचे सगळे झाले ना. एकदा बघायला काय जातं?"

"अहो, नाही म्हणते ना!" ताईने खेळाचा रिमोट मांडीत ओढून घेतला. तिचा आवाज चढला होता. लग्नानंतर दाजींशी असं बोलताना बारक्याने तिला कधी ऐकलं नव्हतं. "बारक्याचा काळा म्हणजे काळा. तुमच्या लिफ्टचं मला काही सांगू नका. हा पोरगा भिंग केसभर हललेलं चालवून घेत नाही. त्याने तपासलंय म्हणजे तपासलंय. त्याच्यावर संशय घ्यायचा नाही माझ्यासमोर."

दाजी एका क्षणात मागे सरले. "बरं बाई. बारकेराव म्हणतात भिंत, तर भिंत."

तीन वर्षं ज्याची वाट पाहिली ते बारक्याच्या ताटात आयतं पडलं होतं. ताई त्याच्या बाजूने, दाजी गप्प. त्याला छाती फुगवून बसता आलं असतं. पण त्याला वहीकडे बघवेना.

"तुला सांगते बारक्या," ताई पडद्याकडे बघत म्हणाली, "मी तेव्हा का सोडलं माहितीये? कुरळी तर आठवड्यातच कंटाळून गेली. मी एकटीच बसायचे. तू शाळेतून यायचास, दारात उभा राहून बघायचास. मला वाटायचं, हा एवढासा, याने एवढे नेमके नकाशे काढून दिलेत आणि मला साधं दार सापडत नाही. तुझ्यासमोर लाज वाटायची रे. म्हणून भरून टाकलं खोक्यात. जाऊ दे. बंद करते आता."

तिने मशीनकडे हात नेला.

"ताई, ती भिंत नाही," बारक्या म्हणाला.

"काय?"

"दार आहे ते. मला माहीत होतं. मी मुद्दाम काळा केला."

दाजी वहीकडे बघत राहिले. ताईने आधी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तो चष्मा बारक्यानेच बसवलेला होता.

"मुद्दाम," ती म्हणाली.

"हो."

"एकतीस वर्षं मी लोकांना सांगत फिरले की खेळ बिघडलाय."

"हो."

"मूर्ख कार्ट्या," ती म्हणाली, आणि तिचा आवाज कापला. यात गमतीचा लवलेश नव्हता. "सांग कसं उघडायचं ते."

"पाठ लाव भिंतीला. आता उलटं चाल."

भिंत सरकली. पुढे जिना होता, वर जाणारा, संपता संपत नाही असा. ताई दहा मिनिटं तो चढत होती. तीन भाग नुसता काळा आणि तपकिरी रंग पाहिलेला. आणि शेवटच्या पायरीवर एकदम सगळा पडदा निळा झाला. आकाश, दुसरं काही नाही. चार ठिपक्यांचा तो माणूस दोन पावलं चालला आणि खाली बसला.

"अगं बाई!" ताई म्हणाली आणि तिने हात लांबवून शेजारच्याचं मनगट घट्ट धरलं. शेजारी दाजी होते.

बारक्याला पडद्यावर काय आहे ते पाठ होतं, म्हणून तो पडद्याकडे बघतच नव्हता. तो ताईच्या चेहऱ्याकडे बघत होता. अकराव्या वर्षी त्याला हाच चेहरा बघायचा होता. आता दिसला, पण पंख्याखालच्या खुर्चीतून, एका बाजूने, आणि ती वळली होती ती दुसरीकडे.

"नवव्या भागात आकाश पहिल्याच मिनिटाला येतं," दाजी हळूच म्हणाले. "मी वर बघितलंही नव्हतं." मग त्यांनी ताईचा हात अलगद सोडवला, चहा टाकतो म्हणाले आणि आत गेले. मुद्दाम गेले, हे बारक्याला कळलं. याही बाबतीत माणूस चुकला नाही, याचाही त्याला रागच आला.

"एकट्याने बघितलंस तू हे?" ताईने विचारलं. ती अजून त्याच्याकडे बघत नव्हती.

"हो. ओरडून हाक मारली होती तुला. मग आठवलं, घरात कुणी नाही."

"संध्याकाळी आले असेन की मी."

"आलीस. पण कुरळीला घेऊन आलीस."

ताईने रिमोट बाजूला ठेवला. मग वळली. "आणि आज का सांगितलंस? आजही माझ्या शेजारी कुणीतरी बसलेलंच होतं."

बारक्याने मान खाली घातली.

"आज तू माझी बाजू घेतलीस," तो म्हणाला.