प्रभाताईंचा लाल रकाना

प्रभाताई शेंडेंचा मला भयंकर राग यायचा, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की बाई निवृत्त झाल्या आणि ही प्रणिता लगेच त्यांचे गोडवे गायला लागली. गोडवे गाण्यासारखी ती बाई नव्हतीच मुळी! कपाळाला कायमची आठी, काखेत वही आणि तोंडात एकच प्रश्न, "जबाबदार कोण?" चहात साखर कमी पडली तरी हाच प्रश्न.

आमची संस्था जयपूरच्या झालान्यात आहे, जंगलाच्या भिंतीला अगदी पाठ टेकून. राजस्थानभरच्या सहकारी बँकांची माणसं इथे प्रशिक्षणाला येतात. आम्ही शिकवतो काय, तर जोखीम व्यवस्थापन. धोका आधीच ओळखायचा, तो घडण्याची शक्यता किती आणि घडलाच तर नुकसान किती, याला एक ते पाचमध्ये आकडे द्यायचे, दोन्हींचा गुणाकार करायचा, मोठा आकडा आला की रकाना लाल रंगवायचा, मधला आला की पिवळा, लहान आला की हिरवा. मग उपाय लिहायचा, उपायासमोर एका माणसाचं नाव आणि तारीख. दुसऱ्यांना शिकवताना आम्ही मोठे पंडित. स्वतःच्या संस्थेची जोखमीची वही मात्र दरवर्षी मागच्या वर्षीची बघून उतरवून काढायची. सगळे रकाने हिरवेगार, आणि जबाबदार कोण, तर "प्रशासन". म्हणजे कोणीच नाही.

ही वही प्रभाताईंकडे गेली आणि आमचं सुख संपलं. ताई मूळच्या भंडाऱ्याच्या. नवरा रेल्वेच्या सिग्नल विभागात होता, त्याच्या बदलीपायी जयपूरला आल्या आणि तीस वर्षं इथेच रुजल्या. मुलं घरात हिंदीत भांडतात, ताई मात्र अजून भंडाऱ्याच्याच मराठीत झापतात. "अजून झालं नाही म्हणते तू. कालच्या दिवशी गाडी नाही आली म्हणून आज फाटक उघडं ठेवतात का वं बाई?" असं त्यांनी मला एकदा सगळ्यांसमोर विचारलं होतं. मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नव्हते.

आता पाळणाघराचं सांगते, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू झालं. इमारतीच्या मागच्या अंगाला, जंगलाच्या भिंतीकडे तोंड करून आमचं पाळणाघर होतं. अकरा मुलं. माझी ईश्वरी त्यातलीच, साडेतीन वर्षांची. संध्याकाळी साडेसहापर्यंत मुलं तिथे असायची. गंधार, म्हणजे माझा नवरा, बँकेतून आठच्या आत घरी येत नाही. सासूबाई नाशिकला. पाळणाघर नसेल तर माझी नोकरी नाही, इतकी साधी गोष्ट.

आणि त्याच भिंतीपाशी कुत्र्यांचा अड्डा. जयपूरकरांचा नेम आहे, शेवटची पोळी कुत्र्याची. डबा संपला की जो तो उरलेली पोळी घेऊन मागे जाणार. आम्ही बाहेरून आलेल्यांनीही हा नेम आनंदाने उचलला. मी तर सगळ्यांवर वरताण! गंधारला साडेसाती लागलेली, त्यामुळे सासूबाईंचा फोनवरून हुकूम होता की दर शनिवारी काळ्या कुत्र्याला तेल लावलेली पोळी घालायची. आमच्या अड्ड्यात एक काळं कुत्रं होतंच. मी घरी निघताना ईश्वरीला हाताला धरून न्यायची आणि तिच्याच हातून पोळी टाकवायची. म्हटलं, पोरीलाही पुण्य लागू दे.

दिवाळीपासून ताई रोज वही घेऊन भिंतीपाशी उभ्या राहायला लागल्या. आम्ही खिडकीतून बघून हसायचो. ताई कुत्री मोजत होत्या. दिवाळीत चौदा होती, डिसेंबरच्या मध्यावर नऊ उरली. तेवढ्यात आमचा राखणदार देवराम सांगत आला की पाळणाघराच्या वाळूत सकाळी पंजे उमटलेले असतात, आणि ते कुत्र्याचे नाहीत, नखांची खूणच नाही. बिबट्याचं इथे कोणाला अप्रूप नाही. घरी पाहुणे आले की आम्हीच त्यांना झालान्याच्या जंगलात बिबट्या दाखवायला नेतो. त्यामुळे देवरामचं बोलणं सगळ्यांनी चहाबरोबर गिळून टाकलं.

ताईंनी वहीत लिहिलं. पोळ्यांमुळे कुत्री, कुत्र्यांमुळे बिबट्या, आणि तिथून तीस पावलांवर मुलं. शक्यता चार, नुकसान पाच, एकूण वीस. लाल. उपाय: भिंतीपाशी पोळ्या बंद, पाळणाघर पुढच्या सभागृहात. जबाबदार: संचालक माथुर.

माथुरसाहेबांचा चहाच सांडला. जानेवारीत दिल्लीहून तपासणी यायची होती, आणि वहीत लाल रकाना, तोही त्यांच्या नावाने! शिवाय सभागृह म्हणजे त्यांचा जीव की प्राण. पाहुण्यांचे हारतुरे, फोटो, सगळं तिथेच.

"शेंडेजी, आज तक कुछ हुआ है क्या? पीला कर दीजिए."

"नाही करणार, साहेब."

"आपके रिटायरमेंट को पाँच महीने हैं. बाड़मेर के रेगिस्तान में भेज दूँ?"

"पाठवा. जाईन. पण जाताना वही लाल ठेवूनच जाईन."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं, कारण मी माथुरसाहेबांच्या बाहेरच्या टेबलावर बसते. खरं सांगू? मला वाटलं, काय ही आडमुठी म्हातारी! एका रंगासाठी एवढं अडून बसायचं?

साहेब काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी आम्हा आयांना बोलावलं आणि सांगितलं की लाल रकाना दिल्लीला गेला तर पाळणाघरच बंद होईल. आमच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी कागद पुढे सरकवला. पाळणाघर आहे तिथेच राहू द्यावं, जोखीम आम्हाला मान्य आहे. पहिली सही मी केली. मागोमाग बाकीच्यांनी.

तिथून मी तडक ताईंवर धावून गेले. त्या कँटीनमध्ये पोहे खात होत्या.

"ताई, तुमची मुलं मोठी झाली, तुम्हाला काय हो! आमच्या पोटावर कशाला पाय देताय?"

त्यांनी चमचा खाली ठेवला. "बंद करा असं कुठं लिहिलं मी? हलवा असं लिहिलं. भांडायच्या आधी वाचून तरी येत जा नं वं!"

"मला नाही वाचायचं तुमचं चोपडं," मी म्हटलं आणि तणतणत निघून आले. तेव्हा मला स्वतःची लाज वाटायला हवी होती. नाही वाटली.

तपासणीच्या दिवशी सभागृहात सगळे जमले. दिल्लीहून आलेल्या अधिकारी बाई मध्ये, साहेब शेजारी, इतिवृत्त लिहायला मी, आणि समोर ताई. लाल रकान्याचा विषय निघताच साहेबांनी आमचा कागद विजयी मुद्रेने पुढे केला. म्हणाले, पालकांनी जोखीम स्वीकारली आहे, मॅडम.

ताई उठल्या. बोलल्या हिंदीत, पण ठसका भंडाऱ्याचाच.

"उपाय ज्याच्या हातात असतो, धोका त्यानेच स्वीकारायचा असतो. हे आपण वर्गात शिकवतो. या सभागृहाची किल्ली या बायांकडे नाही, साहेबांकडे आहे. मुलं इथे आणायची नसतील तर नका आणू. पण मग साहेबांनी सही करावी." आणि त्यांनी एक कागद टेबलावर ठेवला. वर एकच ओळ, 'हा धोका मला मान्य आहे.' खाली अकरा मुलांची नावं. त्याखाली सहीची जागा.

साहेबांनी पेनाला हात लावला नाही. "मेरे साइन की क्या ज़रूरत? माओं ने कर दिए ना. पूछ लीजिए, प्रणिताजी यहीं बैठी हैं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ताईंनी उघडी वही माझ्यापुढे सरकवली. ती ओळ मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचली. 'कारण' या रकान्यात पोळ्या टाकणाऱ्यांची नावं, वार आणि वेळ होती. पहिलंच नाव माझं. शनिवार, पावणेसहा, मुलीला सोबत नेते. त्याच ओळीत पुढे 'धोका कोणाला' असा रकाना होता. त्यातलं पहिलं नाव ईश्वरी.

नवऱ्याची साडेसाती टळावी म्हणून मी माझ्या पोरीला, अंधार पडता पडता, बिबट्या जिथे जेवायला येतो तिथे नेऊन उभं करत होते! आणि वरून सही करून दिली होती की मला हे मान्य आहे. मला ताईंचा राग आला, की हे त्यांनी माझ्या तोंडावर का नाही फेकलं. मग आठवलं, मीच म्हटलं होतं, मला नाही वाचायचं. साहेबांचा राग आला तो मात्र आजतागायत गेलेला नाही.

मी उठले, आयांचा कागद ओढला आणि माझी सही खोडली. इतक्या जोरात की कागद फाटला.

"मला मान्य नाही."

"प्रणिताजी, क्रेच बंद हो जाएगा," साहेब हलक्या आवाजात म्हणाले.

"कशाला बंद होईल? मेहेरबानी म्हणून देताय का तुम्ही ते? हलवा. इथे आणा." ताईंचा कागद मी साहेबांसमोर आपटला. "नाहीतर ही घ्या सहीची जागा. आधी अकराही नावं मोठ्याने वाचा, मग करा सही. पहिलं नाव माझ्या मुलीचं आहे."

दिल्लीच्या बाईंनी चष्मा काढला. "वाचा, माथुरजी," त्या म्हणाल्या.

साहेबांनी कागद उचलला. तोंड उघडलं. ईश्वरीचं नाव काही त्यांच्या तोंडून निघेना. पेन दोनदा उचललं, दोनदा खाली ठेवलं. शेवटी त्यांनी देवरामला हाक मारली आणि सभागृहातलं सामान आजच्या आज हलवायला सांगितलं.

मग घाम पुसत ते ताईंकडे वळले. "अब तो ख़ुश? अब तो लाल हटा दीजिए."

ताईंनी वही मिटून काखेत मारली. "मुलं इथे येऊन बसू द्या, साहेब. मी माझ्या डोळ्यांनी बघेन. तोवर लाल."