गंजी पेटवणारी बाई

माणसं गुन्हे का करतात, याचं उत्तर आमच्या वडिलांकडे, अण्णांकडे, तयार असायचं. कोणीतरी फूस लावतं म्हणून.

तलासरीच्या बाजूला आमचा गवताचा माळ होता. दिवाळीच्या सुटीत, कापणी चालू असताना, मी अण्णांबरोबर बैलगाडीने तिकडे जायची. त्या वर्षी मी पंधराची असेन. सावलीला गोष्टीचं पुस्तक वाचत बसले होते. शेजारच्या झाडाला एका वारली बाईने मुलाची झोळी बांधली होती. मूल रडायला लागलं, तशी ती विळा टाकून निघाली. मुकादमाने हटकलं, "आधी पट्टा पुरा कर." ती परत वाकली.

मूल रडतच राहिलं. मला वाचता येईना, म्हणून मी उठून गाडीत जाऊन बसले. मग ते गप्प झालं. झोपलं असेल, असं मला वाटलं. पट्टा संपवून ती आली तेव्हा त्याचा पाय काळानिळा झाला होता. झोळी जमिनीपासून वीतभरच वर होती. फुरसं चावलं असेल, असं लोक म्हणाले.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी तिने आमची सगळ्यात मोठी गवताची गंजी पेटवली. माणसं धावत गेली तर ती तिथेच बसून होती.

अण्णांच्या समोरच हवालदाराने तिला विचारलं, "कोणी शिकवलं तुला?"

"कोनी नाय."

"मग का पेटवलीस?"

"पोर रडत होता. मी सांगला, पाजून येते. मुकादम जाऊ देत नाय."

हवालदाराने अण्णांकडे पाहिलं. "पाड्यावर सभा होतात हल्ली," अण्णा म्हणाले. "तिथेच कोणीतरी डोक्यात भरवलंय." कागदावर तेवढंच उतरलं.

रात्री जेवताना मी म्हटलं, "अण्णा, तिचं मूल गेलं म्हणून तिने..."

"साप मी सोडला होता का?" ते शांतपणे म्हणाले. आईने त्यांना भात वाढला. मी उठून गाडीत जाऊन बसले होते, हे मी तेव्हा सांगितलं नाही. पुढेही कोणाला सांगितलं नाही.

डहाणूच्या कोर्टात तिने पुन्हा तेच सांगितलं. दोन वर्षांची सजा झाली. ती सुटून आली तेव्हा नवऱ्याने दुसरी बाई केली होती. ती वापीकडे वीटभट्टीवर गेली, एवढंच कानावर आलं.

मुकादम आमच्याकडेच राहिला. पुढच्या कापणीला अण्णांनी हुकूम काढला, अंगावरची मुलं माळावर आणायची नाहीत. बायका त्यांना पाड्यावर म्हाताऱ्यांपाशी ठेवून येऊ लागल्या. दुपार होईपर्यंत त्यांची लुगडी छातीशी दुधाने भिजलेली असत, आणि त्या तशाच वाकून गवत कापत.