गावानं दिलेला माणूस

अकरा वर्षं मी लोह्याच्या पलीकडच्या एका गावात येशूची सुवार्ता सांगितली आणि अकरा वर्षांत एकही माणूस ख्रिस्ती झाला नाही. मी मिशनचा सुवार्तिक होतो, म्हणजे माझं कामच ते. वर्षाच्या शेवटी अहवाल पाठवावा लागे. त्यात 'बाप्तिस्मे' असं एक सदर होतं. त्याखाली मी 'नाही' असं लिहायचो. पुढं पुढं तो शब्द माझ्या हातून फार सुरेख यायला लागला.

लोक वाईट होते असं मुळीच नाही. लोह्याच्या बाजारात मी उभा राहिलो की गर्दी व्हायची. गोष्टी त्यांना तोंडपाठ होत्या. उधळ्या पुत्राची गोष्ट मी कुठं आखडती घेतली तर मागून कुणीतरी ओरडायचं, "मास्तर, डुकरं ऱ्हायली!" मग मला मागं येऊन डुकरं सांगावी लागत. एवढं ऐकून सगळे आपापला गूळ-मिरची घेऊन घरी जात. गावातले म्हणत, आधी महारवाड्याला विचारा. महारवाड्यातले म्हणत, आधी गाव होऊ द्या. आमचं घर दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेत होतं, कारण आम्हाला कुणीकडं घ्यावं हे कुणाचंच ठरेना.

माझा स्वभाव तापट. एकदा मी शत्रूवर प्रीती करण्याबद्दल बोलत असताना शेजारी एकजण मोठमोठ्यानं बैलाचा सौदा करत होता. त्याच्या अंगावर मी असा धावून गेलो की बैल सुटला. बायको म्हणायची, "तुम्ही प्रीतीवर बोलायला लागलात की भांडण लागलंय वाटतं लोकांना." खरंच होतं ते.

आमची एकुलती मुलगी त्या गावात तापानं गेली. चार वर्षांची होती. पुरायला जागा मिळेना. तेव्हा पाटलानं आपल्या शेताच्या बांधावरची बोरीखालची जागा दाखवली आणि म्हणाला, "दोन हात जमिनीनं माझं काय कमी होतंय, मास्तर?" त्यानंतर दर रविवारी उपासना झाली की बायको तिथं जाऊन बसायची. मी जात नसे. मला ते सोसायचं नाही.

बाराव्या वर्षी हिवाळ्यात पाद्रीसाहेब दौऱ्यावर आले. गोरे, उंच, मनानं फार चांगले, आणि मराठी असं बोलायचे की आम्हालाच आपली लाज वाटावी. त्यांनी माझे अकरा 'नाही' समोर ठेवले आणि हळूच म्हणाले, "या ठिकाणी पेरणी पुष्कळ झाली. हे ठाणं आता बंद करावं असं मंडळाचं मत आहे. आपण किनवटकडं जावं." चार दिवसांनी परत जाताना ते इथूनच जाणार होते. तोवर आवराआवर करायची होती.

बायकोनं ऐकलं. ती एवढंच म्हणाली, "मी तिला इथं एकटीला टाकून येणार नाही." मी म्हणालो, हुकूम आहे. ती म्हणाली, असू दे.

ही बातमी पाटलाकडं कुणी नेली ते मी विचारलं नाही. गावाचंही माझ्यावाचून अडत होतं. तहसिलीच्या उर्दू अर्ज्या मी लिहायचो, हिवतापाला कोयनेल माझ्याकडं मिळायचं. तिसऱ्या दिवशी पाटलानं मला चावडीवर बोलावलं. सगळं गाव बसलेलं.

"तुमच्या साहेबाला माणूस पायजे म्हनं," पाटील म्हणाला. "मग सांगायचं न्हाई व्हय आधी? तहसिलीचा गिरदावर आला की आपण वेठीला माणूस देतो. तुमच्या साहेबालाबी एक देऊ. ठरलंय."

माणूसही ठरला होता. पाटलाचा चुलता. साठीचा, बिनलग्नाचा. त्याच्यापायी कुणाच्या पोरीची सोयरीक अडणार नव्हती, आणि दर बाजारी तो पुढं बसून ऐकायचाच. तो कोपऱ्यात बसला होता. मी त्याच्याकडं पाहिलं तशी त्यानं मान हलवली, जणू पंगतीला वाढायला येतो म्हणाला.

मी तणतणत घरी आलो. हा काय बाजार आहे? देवाचं नाव म्हणजे काय वेठ आहे? बायको शांतपणे एक धोतर घडी घालत होती. धुतलेलं, पांढरं. ते त्या म्हाताऱ्यासाठी होतं.

"येतायत तर येऊ द्या," ती म्हणाली. "कोण कशानं येतं ते देव बघेल. तुम्ही फक्त गप्प बसा. आयुष्यात एकदा."

मी हो म्हणालो. खरंच म्हणालो होतो.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या तंबूसमोर सगळं गाव जमलं, कुस्त्यांना जमतं तसं. म्हातारा आंघोळ करून, नवं धोतर नेसून, हातात नारळ घेऊन आला. पाद्रीसाहेबांनी प्रश्न विचारले. त्यानं एकही चुकवला नाही. हरवलेल्या मेंढराची गोष्ट तर अशी सांगितली की मला हेवा वाटला. नव्याण्णव मेंढरं रानात सोडून धनगर गेला कसा, याचा त्यानं स्वतः विचार केला होता. "ज्याचं हरवतं ना जी, त्यालाच कळतं," तो म्हणाला. साहेबांचे डोळे भरून आले.

"कुणाची जबरदस्ती तर नाही?" त्यांनी विचारलं.

"न्हाई जी. राजीखुशीनं."

मग नियमाप्रमाणे साहेब माझ्याकडं वळले. सुवार्तिकाला शब्द द्यावा लागतो. "आपली खात्री आहे ना?"

बायको तंबूच्या दोरीपाशी उभी होती. मी तिच्याकडं पाहायला नको होतं. पाहिलं. आणि तरी माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही साहेब. यांना गावानं पाठवलंय, मी इथं राहावं म्हणून."

साहेबांनी पुस्तक मिटलं. म्हातारा उठला नाही. त्यानं मला विचारलं, "कुठं चुकलो व्हय, मास्तर?"

"नाही."

"मग?"

 आठ दिवसांत आमची गाडी किनवटच्या वाटेला लागली. बायको गाडीत मागं तोंड करून बसली होती. त्यानंतर तीन वर्षं ती माझ्याशी सगळं बोलली, जेवण, औषधं, पाऊस. त्या दिवसाबद्दल एक अक्षर नाही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. रागावणं मला समजतं.

तीन वर्षांनी नांदेडला मिशनची सभा होती. सभा संपल्यावर बायको म्हणाली, आता तिकडं जायचं. कुठं ते विचारायची गरज नव्हती. आम्ही पोचलो तो रविवार होता.

बोरीभोवती काट्यांचं कुंपण होतं. थडग्याच्या दगडांना चुना लावलेला. आणि तिथं तो म्हातारा बसून एकटाच मोठ्यानं बोलत होता. हरवलेलं मेंढरू चाललं होतं. ऐकायला समोर आमच्या मुलीशिवाय कुणी नव्हतं.

आम्हाला पाहून त्यानं आधी गोष्ट संपवली, मग राम राम केला. पाटील मागून आला. मी विचारलं, हे काय?

"गावानं एकदा माणूस दिला की परत घ्येत न्हाई," पाटील म्हणाला. "तुम्ही घेतला न्हाई, ती तुमची बाब."

तीन वर्षं म्हातारा पंगतीत बसला नव्हता. त्याचं ताट वेगळं, तांब्या वेगळा. गावाच्या हिशेबी तो आमचा झाला होता आणि आमच्या हिशेबी गावाचा. मी खरं बोललो म्हणून मनातल्या मनात तीन वर्षं स्वतःला शाबासकी देत होतो.  तिथं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आता तरी टाका पाणी," म्हातारा म्हणाला.

"तेव्हा तुम्ही गावासाठी आला होता."

"हाव."

"आणि आता?"

"आता कुनी सांगितलं न्हाई, मास्तर. आता म्या येतो."

मी घुटमळलो. म्हणालो, बाप्तिस्मा द्यायचा मला अधिकार नाही, तो पाद्रीसाहेबांचा. मी त्यांना पत्र लिहितो, पुढच्या हिवाळ्यात ते येतील...

"अहो," बायको म्हणाली. तीन वर्षांत पहिल्यांदा तिनं तो विषय काढला. "त्या दिवशी यांना बाहेर ठेवायचा अधिकार कुणी दिला होता तुम्हाला?"

म्हाताऱ्यानं आपला वेगळा ठेवलेला तांब्या माझ्या हातात दिला. मी तांब्या एकदम उपडा केला आणि निम्मं पाणी त्याच्या कानात गेलं. त्यानं मान तिरकी करून ते झटकलं आणि पुन्हा डोकं पुढं केलं. बायको रडत होती. मीही रडत होतो.

ते सगळं नियमाबाहेरचं होतं. त्या वर्षीच्या अहवालात 'बाप्तिस्मे' या सदराखाली मी 'नाही' असंच लिहिलं. अक्षर मात्र वाईट आलं.