बंगालमधली गोठलेली नदी

कॅनडातल्या सस्काटूनमध्ये आम्ही मराठी आणि बंगाली मंडळी मिळून दर मे महिन्यात त्या थोर बंगाली कवीची जयंती करतो. फोटोला हार, त्यांची गाणी, त्यांच्या विचारांवर कुणाचं तरी लांबलेलं भाषण, मग चहा. गाणी दीदी बसवते. ती बंगाली, गाणी आईकडून शिकलेली. कार्यक्रमाचा क्रम आणि प्रत्येकाची मिनिटं माझ्याकडे.

या वर्षी काकांनी आठ मिनिटं मागितली. काका म्हणजे आमच्यातले सर्वांत जुने, निवृत्त डॉक्टर. काकू गेल्या हिवाळ्यात वारल्या, तेव्हापासून ते फारसे बाहेर पडत नव्हते. कवीच्या एका कवितेचा मराठी अनुवाद केलाय, म्हणाले. मी लगेच होकार दिला.

तालीम दीदीच्या बेसमेंटमध्ये झाली. काकांनी वाचलं: सकाळी एक बाई स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी असते, नदीवरचा बर्फ तडकल्याचा आवाज ऐकते आणि नवऱ्याला सांगते, आता मेथी पेरायला हरकत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला मात्र तो बर्फ खटकला. बंगालमधली नदी गोठते कधी?

मूळ कविता कोणती, मी विचारलं. जुन्या संग्रहात आहे म्हणाले. संग्रह कुणीतरी वाचायला नेलाय. कुणी, ते आठवेना. जुन्या पेशंटांची नावं ज्यांना तोंडपाठ, त्यांना हे आठवेना. दीदीला विचारलं, तर कवींनी इतकं लिहिलंय, सगळं कुणी वाचलंय, असं हिंदीत म्हणून ती कप उचलायला लागली. तिचं हसणंही मला सरळ वाटलं नाही.

कार्यक्रमाला येणारे निम्मे लोक या कवीवर वाढलेले. एकानेही उठून मूळ ओळ विचारली असती, तर काकांची सगळ्यांदेखत शोभा झाली असती. मग ते पुन्हा कुठे आले नसते.

काकांना घरी सोडताना गाडीतच विचारलं, कविता नक्की कवीचीच का? बर्फातले विंटर टायर अजून काढले नाहीस वाटतं, म्हणाले. मी पुन्हा तेच विचारलं.

"बर्फाचं लक्षातच आलं नाही बघ," ते शेवटी म्हणाले. "इतकी वर्षं इथे काढली, नदी म्हटली की गोठणारच." आणि मग, "अगं, माझी म्हणून दिली असती, तर किती मिनिटं दिली असतीस?"

"दोन." खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

"तेच. ती गेल्यापासून सगळे माझी तब्येत विचारतात. तिच्याबद्दल कोणी ऐकत नाही."

आठ मिनिटं राहतील, पण नाव तुमचं, मी सांगितलं. मग मला गाळूनच टाक, म्हणाले. मी गाळलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी मी ती काकांची स्वतःची कविता म्हणून जाहीर केली आणि कोण उठून जातंय यावर नजर ठेवली. मागचे दोघे उठून बाहेर गेलेच. काका वाचत राहिले. मेथीच्या ओळीला थांबून पाणी प्यायले, पुढे गेले.

नंतर दीदीचं गाणं. ती पेटीशी बसली, पण सूर धरलाच नाही. "काका, शेवटचं कडवं पुन्हा एकदा," ती मोडक्या मराठीत माइकवर म्हणाली. लगेच मागच्या बंगाली बायकांनीही तोच आग्रह धरला. त्यांना मराठीचं अक्षर कळत नाही. दीदीने त्यांना आधीच पढवून ठेवलं असणार, माझी खात्री आहे.

काका चष्मा पुसून पुन्हा उभे राहिले, आणि या खेपेला कागदाकडे न बघता म्हणाले.