हँडलचा गिअर

शाळेत कित्येक वर्षं मी पोरांना दिशा शिकवतोय. उगवतीकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला काय, उजव्या हाताला काय, पाठीमागे काय. असा हा भूगोलाचा मास्तर एका सकाळी मान पूर्ण मागे वळवून, फाटकाकडे बघत बघत, गाडी घेऊन पुढे गेला.

पुढे अंगणात बाज होती. बाजेवर चटणीसाठी निवडलेले शेंगदाणे उन्हात घातले होते. गाडीने बाजेला नाकाने ढोसलं, बाज एका अंगावर कलली आणि शेंगदाणे अंगणभर पांगले.

आमच्याकडे पुढच्या खोलीत बायकोचा शिवणक्लास चालतो. आतली सगळी मशिनं एकदम थांबली. खिडकीत तीन-चार डोकी दिसली आणि गळ्यात टेप अडकवलेली बायको बाहेर आली.

"मागे जायचं होतं ना?"

"हो."

"मग?"

"गिअर चुकला."

"इतक्या वर्षांत कधी नाही चुकला तो. हात वर करा बघू."

"कुठला?"

"डावा."

मी उजवा वर केला. खिडकीतून कुणीतरी फिस्सकन हसलं.

"अहो, डावा म्हटलं मी."

डावा हात छातीपर्यंत आला आणि तिथे थांबला. पुढे जायला तयारच नव्हता. पंधरा-वीस दिवस मी ही गोष्ट घरात लपवून ठेवली होती. शर्टात आधी डावा हात घालायचा, वरच्या फळीवरचा डबा कुणी काढायला सांगितला की बाथरूममध्ये जायचं, असं सगळं व्यवस्थित चाललं होतं. गाडीचं मात्र काही केल्या जमेना. त्या सकाळी मी उजवा हात स्टिअरिंगवरून पलीकडे नेऊन गिअर टाकायला बघत होतो आणि म्हणून हा घोळ झाला.

आता आमची गाडी कसली, ते सांगायला हवं. गोल दिव्यांची, बसक्या नाकाची, एके काळी मुंबईत काळ्या-पिवळ्या रंगात फिरायची ती. आमची दुधी रंगाची आहे, पण लोकांच्या डोळ्यांतून टॅक्सी जात नाही. पाहुण्यांना सोडायला मी सोलापूर स्टेशनवर उभा असलो की कुणीतरी मागचं दार उघडून पिशवीसकट आत बसतो आणि म्हणतो, "चला, बाळीवेस." एकदा एका म्हाताऱ्या गृहस्थांना मी खरंच बाळीवेशीत नेऊन सोडलं. एवढ्या विश्वासाने बसलेल्या माणसाला उतरा कसं म्हणायचं?

मुलगी रांगायला लागली त्या सुमाराला मी ही गाडी जुनीच घेतली. पुढे एकच लांब सीट, सोफ्यासारखी. तिघं आरामात बसतात. आणि गिअर खाली नाही. स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला एक दांडा आहे, तो ओढायचा, ढकलायचा, वर-खाली करायचा. याला हँडलचा गिअर म्हणतात. यात पहिला आणि रिव्हर्स यांच्यात मनगटाच्या एका वळणाचा फरक. मनगट कसं वळवायचं हे सांगून कळत नाही, ते हातालाच कळावं लागतं. माझ्या हाताला कळत होतं. आता खांदाच तो हात तिथवर पोचू देत नव्हता.

गाडीची निगा राखण्यात माझा वाटा नेमका किती, याबद्दल घरात दोन मतं आहेत. माझं मत असं की मी नसतो तर गाडी केव्हाच भंगारात गेली असती. दुसरं मत असं की मी बॉनेट उघडून कमरेवर हात ठेवून नुसता उभा राहतो. हे खरं आहे. पण मी तसा उभा राहिलो की येणाऱ्या-जाणाऱ्यांना धीर येतो आणि ते ढकलायला पुढे होतात, हेही खरं आहे. बार्शी माझी सासुरवाडी. तिकडे जाताना वैरागच्या अलीकडे गाडी हमखास तापायची. मग झाडाखाली थांबायचं, बॉनेट उघडायचं, पाणी घालायचं. सासरे फोन करून "निघालात का?" असं कधी विचारायचे नाहीत. "वैराग सोडलं का?" एवढंच विचारायचे. पुढे पायाखालचा पत्रा गंजून भोक पडलं, तेव्हा मुलगी त्यातून तासन् तास रस्ता बघत बसायची. मी पत्रा बसवून घेतला त्या दिवशी ती रडली.

बायकोचा गाडीवर राग एकाच गोष्टीचा. "घरातल्या नळाला वायसर आणायला तुम्हाला महिना लागतो. हिचा वायसर त्याच दिवशी कसा हो येतो?"

तर, डॉक्टरांनी खांदा हलवून बघितला, मी ओरडून घेतलं, आणि ते म्हणाले, "फ्रोझन शोल्डर." सोलापुरात, मे महिन्यात, माणसाचं काही गोठू शकतं यावर माझा विश्वास बसेना. बरं व्हायला वर्षसुद्धा लागेल म्हणाले. व्यायाम दिला तो असा, की भिंतीला तोंड करून उभं राहायचं आणि डाव्या हाताची बोटं पालीसारखी वर वर चढवत न्यायची. आमच्या क्लासच्या बायका येता-जाता मला भिंतीपाशी बघायच्या आणि "सर, आज कुठवर गेली?" म्हणून विचारायच्या.

मी आमच्या मिस्त्रींकडे गेलो. हे गेली कित्येक वर्षं गाडीचं इंजिन उघडताहेत आणि बंद करताहेत. मी विचारलं, गिअरचा दांडा जरा खाली घेता येईल का? त्यांनी गाडीला एक चक्कर मारली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "गाडी कू कुच नै हुआ साब. तुमकू हुआ है. गाडी कू मैं सुदारता, तुमकू कौन सुदारींगा?"

घरी आल्यावर बायको म्हणाली, "विकून टाका."

तिने हे आधीही शंभरदा म्हटलं होतं, पण तेव्हा माझ्याकडे बघून, डोळे मोठे करून म्हटलं होतं. या वेळी ती काजं करत होती आणि मान वर न करता म्हणाली. "चालवता येत नाही, नुसती दारात उभी. उभ्या उभ्या कुजेल. त्यापेक्षा कुणाकडे तरी चालती राहील."

पुण्याहून मुलगीही फोनवर तेच म्हणाली. "बाबा, उगाच हळवे होऊ नका." मी हळवा होत नव्हतो. पण ही पोर लहानपणी त्याच लांब सीटवर आमच्या दोघांच्या मध्ये झोपायची, डोकं आईच्या मांडीवर आणि पाय माझ्या गिअरवर. तिचे पाय न हलवता मी तिसऱ्यातून टॉपला कसा जायचो ते माझं मला माहीत. तीच आता हसत हसत गाडीचे फोटो इंटरनेटवर टाकणार होती. मला गाडी द्यायची नव्हती. आणि ती ठेवायला सांगता येईल असं एकही कारण माझ्यापाशी नव्हतं.

ते फोटो बघून आठवड्याभरात करमाळ्याहून एक गृहस्थ आले. मंडप-डेकोरेशनचा धंदा, बोलायला मोकळे. लग्नाआधी नवरा-नवरीचे फोटो काढतात ना आजकाल, त्यासाठी त्यांना जुनी गाडी हवी होती.

"लई झ्याक ठिवलीय की गाडी, सर," ते म्हणाले. "पर चालती का?"

माझी सगळी आशा गाडीवर होती. पाहुण्यांसमोर इतकी वर्षं जिने माझी लाज काढली, ती आजही काढेल आणि गिऱ्हाईक आपोआप जाईल, असा माझा हिशोब. मी चोक ओढला, किल्ली फिरवली, आणि फितूर एका झटक्यात चालू झाली. शिवणयंत्रासारखी गुणगुणत उभी राहिली.

"आता एक चक्कर मारू," गृहस्थ म्हणाले. "तुमीच चालवा. मला हँडलचा गिअर येत न्हाय."

मी मिस्त्रींना फोन केला. ते लग्नाला गुलबर्ग्याला गेले होते. "मग राहू द्या आज," मी जरा जास्तच उत्साहाने म्हणालो.

"राहू द्या काय? ते एवढ्या लांबून आलेत," बायको म्हणाली आणि गळ्यातला टेप काढून दाराच्या कडीला अडकवला. "तुम्ही पाय चालवा. गिअर मी टाकते."

"तुला येतो?"

"शेजारी बसून इतकी वर्षं काय खिडकीबाहेरच बघत होते?"

गृहस्थ मागे बसले. आम्ही दोघं पुढे. माझे दोन पाय, माझा एक हात, आणि दांड्यावर तिचा हात. वाहतुकीच्या नियमांत हे कुठे बसतं ते मी आजवर शोधलेलं नाही. दुपारच्या उन्हात रस्त्यावर विचारायलाही कुणी नव्हतं.

"पहिला," मी म्हणालो.

कर्रकन आवाज आला. मागून गृहस्थ म्हणाले, "अरं बाबा!"

"क्लच दाबा की आधी."

"दाबलाय."

"पूर्ण दाबलाय? दाते मोडतील तिचे."

पूर्ण दाबला. पहिला पडला. आम्ही कॉलनीच्या गल्लीतून निघालो. मी "दुसरा" म्हणायचो, मग ती टाकायची. एकदा मी "तिसरा" म्हणालो आणि क्लच दाबायचाच राहिला, त्यावर ती जे काही म्हणाली ते इथे लिहिण्यासारखं नाही. विजापूर रोडला लागेपर्यंत मात्र कर्र थांबलं होतं. आणि मी "टॉप" म्हणायला तोंड उघडलं तर दांड्याला तिचा हात आधीच लागलेला.

आसऱ्याच्या पुलाचा चढ आला. पुढे सळयांनी भरलेला ट्रॅक्टर, धापा टाकत चाललेला. मी काही बोलणार इतक्यात ती म्हणाली, "ओढतेय. मशिनीखाली जाड कापड आल्यासारखी. दाबा." मी दाबला. तिने तिसरा टाकला. "दाबा." दुसरा. पोटातलं पाणी हललं नाही. आम्ही न बोलता पूल चढलो, न बोलता उतरलो. माझ्या लक्षात आलं की मला मजा येतेय, आणि त्याच क्षणी हेही लक्षात आलं की गाडी इतकी सुरेख चालतेय म्हणजे आता ती गेली. आणि ती घालवायला माझीच बायको हातभार लावत होती, अगदी शब्दशः.

घरी येऊन गृहस्थ उतरले, टपावर थाप मारली. "पसंत! म्होरल्या आटवड्यात न्हेतो."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? बायकोने चहा आणला. चहा बशीत ओतत ते पुढे म्हणाले, "फकस्त एक काम करावं लागंल. माजी डायव्हर पोरं हायत, एकालाबी हँडलचा गिअर येत न्हाय. त्यो दांडा काडून खाली गिअर बसवतो. आन् ही लांब सीट काडून फुडं दोन खुर्च्या. झालं."

बायकोच्या हातात दुसरा कप होता. तो मला मिळायचा होता, पण तिथेच थांबला.

"काढणार म्हणजे?"

"म्हंजी कापून काडायचा. आमच्या तितं एक मिस्त्री हाय, एका दिसात करतोय."

"मग नाही द्यायची गाडी."

मी तिच्याकडे बघितलं. गृहस्थांनी माझ्याकडे बघितलं.

"वहिनी, त्या दांड्यात असं काय हाय एवढं?"

"काय आहे ते आत्ता मागे बसून बघितलंत ना?"

त्यांनी बाहेर उभ्या गाडीकडे बघितलं. "व्हय," म्हणाले, "बघितलं की." मग माझ्याकडे वळले. "सर, तुमी तरी बोला की कायतरी."

"मी काय बोलू?" मी म्हणालो. "गिअर यांच्याकडे आहे."

ते इतके हसले की बशीतला चहा धोतरावर सांडला. भला माणूस. आणखी अर्धा कप घेतला, करमाळ्याला आलात तर घरी या म्हणाले, आणि "इचार बदलला तर फोन करा" असं नुसतं म्हणायचं म्हणून सांगून गेले.

गाडी रस्त्यावरच होती. ती आत घ्यायला आम्ही दोघं पुन्हा बसलो. मला फार भरून आलं होतं, आणि अशा वेळी मी नको ते बोलतो. मी म्हणालो, "तुला उगाच त्रास. पण वर्षभराचाच प्रश्न आहे. खांदा सुटला की मग मी आहेच."

तिने पदराने दांड्याचं टोक पुसलं.

"खांदा सुटू दे, नाहीतर न सुटू दे," ती म्हणाली. "गिअर आता माझ्याकडे राहील. तुम्ही तेवढा क्लच पूर्ण दाबत जा."