काळ्या चष्म्याआड

चक्कर तपासायच्या काळ्या चष्म्याच्या रबराला उग्र वास असतो, आणि तो आला की मला बाबाच आठवतात. चाळीस वर्षं बुरोंडीच्या समुद्रात होडी हाकणारा माणूस घरात भिंत धरून चालायला लागला होता. रत्नागिरीच्या दवाखान्यात ही तपासणी मीच करायचे, म्हणून त्यांना तिथेच आणलं. चष्मा चढवून अंधार केला, मुद्दाम चक्कर यावी म्हणून कानात कोमट पाणी सोडलं, आणि चष्म्यातल्या कॅमेऱ्यामुळे समोरच्या पडद्यावर त्यांचे डोळे एका बाजूला सरकून पुन्हा पुन्हा झटक्यानं मागे येऊ लागले. त्यांनी खुर्ची घट्ट धरली. "डोंगर कुठं हाय गो? कायतरी दाव बघायला!" लहानपणी होडीत मला मळमळलं की ते हेच सांगायचे, पाण्याकडे नको, किनाऱ्यावरच्या डोंगराकडे बघ. पण नजर कशावर ठरली की डोळे थांबतात आणि तपासणी फुकट जाते. "डोळे उघडे ठेवा बाबा, थोडाच वेळ," एवढंच मी म्हटलं. त्यांनी मुकाट्यानं ठेवले. त्यांत आलेलं पाणी पडद्यावर केवढं मोठं दिसत होतं. आता चष्मा चढवण्याआधी मी प्रत्येकाला सांगते, आत बघायला काहीही नसणार. घरचेच म्हणून बाबांना तेवढंही सांगितलं नव्हतं.